चिखलातला फोर्क: सील, तेल आणि धुण्याची रीत

माउंटन बाइकचा सस्पेन्शन फोर्क नुसता चिखल लागला म्हणून खराब होत नाही. तो चिखल अंगावर घेऊन फोर्क तासन्‌तास वर-खाली होत राहतो, घरी आल्यावर कुणीतरी त्यावर जोराचा फवारा मारतं, आणि आत शिरलेलं चमचाभर पाणी सबंध हंगाम तिथेच पडून राहतं. नुकसान होतं ते या तीन गोष्टींनी, आणि तिन्ही टाळता येतात. त्यासाठी महागडे स्प्रे लागत नाहीत. एक मडगार्ड, दोन स्वच्छ फडकी आणि वेळच्या वेळी बदललेलं थोडं तेल एवढं पुरतं.

पाणी शिरतं कुठून

फोर्कच्या वरच्या दोन गुळगुळीत नळ्या म्हणजे स्टँशन. चाकाला जोडलेला खालचा भाग म्हणजे लोअर्स. चांगल्या फोर्कमध्ये लोअर्स मॅग्नेशियमच्या ओतकामाचे असतात. लोअर्सच्या तोंडाशी वायपर सील बसवलेलं असतं. त्याची बाहेरची कड स्टँशनवरची घाण खरवडते, आतली कड तेल आत धरून ठेवते. सीलच्या खाली तेलात भिजलेली स्पंजची रिंग असते, तिच्या खाली बुशिंग (ज्यातून स्टँशन सरकतो ती कडी), आणि तळाशी थोडंसं वंगणाचं तेल. या तेलाचा डॅम्परशी, म्हणजे फोर्कच्या हालचालीचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेशी, संबंध नाही. डॅम्परचं तेल वेगळं, सहसा बंद कार्ट्रिजमध्ये असतं. म्हणूनच लोअर्सचं तेल घरच्या घरी बदलता येतं आणि डॅम्परला हात लावावा लागत नाही.

वायपरची बाहेरची कड वरून आलेली धूळ आणि शिंतोडे अडवण्यासाठी घडवलेली असते. बाजूने किंवा खालून दाबाने येणाऱ्या पाण्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. प्रेशर वॉशरची धार कड उचलते आणि पाण्याबरोबर बारीक रेतीही आत ढकलते. एकदा का ती रेती स्पंजमध्ये अडकली, की फोर्क दाबला जाईल तेव्हा प्रत्येक वेळी ती स्टँशनवर घासते. तेल आणि रेती एकत्र आली की ग्राइंडिंग पेस्टच तयार होते. स्टँशनच्या मागच्या बाजूला दिसणारे उभे, फिकट पट्टे बऱ्याचदा यातूनच येतात.

आणखी दोन वाटा सहसा लक्षात येत नाहीत. पहिली, गाडीवर लावलेली सायकल. भर पावसात वेगाने जाणाऱ्या गाडीवर तोंड पुढे करून बांधलेल्या फोर्कच्या सीलवर पाणी तासभर आदळत राहतं, आणि हे जवळपास प्रेशर वॉशरइतकंच वाईट. लांब जायचं असेल तर सीलवर पिशवी किंवा कव्हर बांधा. दुसरी, क्राऊनच्या (दोन्ही स्टँशन वर जोडणाऱ्या भागाच्या) तळाचं भोक. तिथून हँडलकडे जाणारी स्टिअरर नळी खालून उघडी असते आणि पुढचं चाक चिखल थेट तिच्यात फेकतं. हे पाणी लोअर्समध्ये जात नाही, पण हेडसेटच्या, म्हणजे फोर्क फ्रेममध्ये फिरतो त्या सांध्याच्या, बेअरिंगपर्यंत पोहोचतं. बुचाने किंवा स्पंजच्या तुकड्याने हे भोक झाकता येतं. मात्र हवाबंद करू नका. वरून आलेल्या पाण्याला निघायला वाट हवी.

मडगार्ड आधी, बाकी सगळं नंतर

स्टँशनच्या मागच्या बाजूला आणि सीलच्या तोंडाशी चिखल येतो तो पुढच्या टायरवरून. म्हणून फोर्कच्या कमानीला (लोअर्सचे दोन पाय जोडणाऱ्या पुलाला) बांधायचा प्लास्टिकचा छोटा मडगार्ड हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. आखूड मडगार्डने डोळ्यांत चिखल जायचा थांबतो, पण सील वाचवायची असेल तर मागे लांब शेपटी असलेला घ्या. ती शेपटी सीलच्या मागचा भाग झाकते. अलीकडच्या बऱ्याच फोर्कना कमानीच्या मागे मडगार्डसाठी स्क्रूची भोकं असतात. तुमच्या फोर्कला ती असतील तर झिप टायपेक्षा स्क्रूचाच मडगार्ड बरा, तो हलत नाही.

झिप टायने बांधणार असाल तर आधी त्या जागा स्पिरिटने पुसून पारदर्शक संरक्षक टेप लावा. टायखाली अडकलेली रेती रंग खाऊन टाकते आणि उघडं पडलेलं मॅग्नेशियम ओलाव्यात पांढरी भुकटी धरून गंजू लागतं. बांधून झाल्यावर फोर्कमधली सगळी हवा सोडा (अशा फोर्कमध्ये हवाच स्प्रिंगचं काम करते), फोर्क पूर्ण दाबा आणि मडगार्ड क्राऊनला किंवा डाऊनट्यूबला (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीला) टेकत नाही ना, ते पाहा. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर तरी फट हवी. चिकण चिखलात टायर जाड होतो, आणि फट कमी असेल तर चाक जागेवर थांबतं.

कमानीच्या मागच्या बाजूला बऱ्याच फोर्कमध्ये वजन वाचवण्यासाठी खळगे ठेवलेले असतात. तिथे चिखल साचतो, वाळतो, आणि पुढच्या राइडला सुटून बरोबर सीलच्या कडेवर पडतो. त्या खळग्यांमध्ये पाणी न शोषणाऱ्या फोमचे तुकडे कापून घट्ट बसवले की हा त्रास संपतो.

स्टँशनभोवती गुंडाळायचे बंद रबरी बूट मात्र शक्यतो टाळा. वरून संरक्षण दिसतं, पण आत शिरलेलं पाणी आणि रेती बाहेर पडत नाही, आणि सीलची अवस्था कळतही नाही. वापरायचेच असतील तर प्रत्येक ओल्या राइडनंतर काढून आतून धुवा आणि वाळवा.

राइडच्या आधी आणि वाटेत

निघण्यापूर्वी स्टँशन कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. सायकल दहा-पंधरा मिनिटं उलटी ठेवली तर तळाचं तेल स्पंजच्या रिंगपर्यंत येतं आणि सीलला आतून ओलावा मिळतो. सील जितकी आतून ओली, तितकी बाहेरची घाण कमी चिकटते. सरळ केल्यावर हायड्रॉलिक ब्रेकचे लिव्हर दोन-चार वेळा दाबून ते कडक आहेत ना, याची खात्री करा. उलटी ठेवल्याने ब्रेकच्या टाकीतली हवा नळीत जाऊ शकते. ज्या जुन्या फोर्कमध्ये डॅम्परचं तेल बंद कार्ट्रिजमध्ये नसतं, तिथे ही युक्ती करू नका.

स्टँशनवर बाहेरून तेल चोपडून ठेवणं चुकीचं. ओल्या पृष्ठभागावर धूळ धरते. सस्पेन्शनच्या तेलाचा एखादा थेंब सीलच्या कडेशी लावायचा, फोर्क पाच-सहा वेळा दाबायचा, वर आलेली काळी रेघ पुसायची आणि उरलेलं सगळं तेल पुसून टाकायचं. गंज सोडवणारे पातळ स्प्रे सीलवर मारू नका. ते आतलं वंगण पातळ करून धुऊन काढतात. साखळीचं तेलही नको, त्यातल्या चिकट घटकांना रेती चिकटते. आणि कुठलाही स्प्रे थेट फोर्कवर मारताना लक्षात ठेवा की ब्रेकची डिस्क वीतभर अंतरावरच आहे. डिस्कला किंवा पॅडला तेल लागलं की ब्रेक गेलाच समजा. स्प्रे कापडावर मारा आणि मग कापड फोर्कवर फिरवा.

वाटेत सीलवर चिखलाचा जाड कडा जमला तर ग्लोव्हने पुसू नका, त्याने रेती घासली जाते. बाटलीतलं पाणी हळूच ओता, चिखल वाहून जाऊ द्या आणि मगच पुढे निघा. ओढा ओलांडताना पाणी सीलपर्यंत येणार असेल तर सायकल खांद्यावर घ्या. सील पाण्याखाली गेली असेल तर तळात पाणी आहे असंच गृहीत धरा आणि पुढच्या एक-दोन दिवसांत लोअर्स उघडा. वेळापत्रकाची वाट पाहू नका.

धुणं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून क्रम पाळा.

फोर्क अंगात उष्णता धरून असेल तर आधी निवू द्या. गरम लोअर्सवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेशी बाहेरून आत ओढ तयार होते. चिखल वाळलेला असेल तर खरवडू नका, पाणी शिंपडून पाच-सात मिनिटं भिजू द्या. मग नळाच्या साध्या धारेने किंवा बादली-मगाने वरून खाली पाणी सोडा. प्रेशर वॉशरशिवाय पर्यायच नसेल तर फवारा पसरट ठेवा, हातभर लांबून मारा, आणि धार सील, हेडसेट व हबकडे कधीच रोखू नका.

साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने लोअर्स, कमान आणि क्राऊन घासा. टायर आणि साखळीचा ब्रश इथे वापरू नका, त्यात रेती आणि डिग्रीझर असतो. स्टँशन आणि सील ब्रशऐवजी ओल्या मऊ कापडाने पुसायचे. सीलच्या कडेभोवती कापड बोटाने गोल फिरवा आणि प्रत्येक फेरीला कापडाची नवी बाजू घ्या. स्टँशनवर सॅग (आपण बसल्यावर फोर्क किती दबतो ते) मोजायची रबरी ओ-रिंग असेल तर ती वर सरकवून तिच्या खालची रेतीही काढा. तिथे गोल ओरखडा पडलेले कितीतरी फोर्क पाहायला मिळतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिखल पूर्ण निघेपर्यंत फोर्क दाबायचा नाही. धुताना "चालतोय का" म्हणून सवयीने हँडलवर जोर दिला जातो, आणि तेवढ्यात कडेवरची रेती आत जाते. स्टँशन स्वच्छ आणि कोरडे झाल्यावर मात्र चार-पाच वेळा दाबा, वर आलेली रेघ पुसा, आणि रेघ येणं थांबेपर्यंत हे करा. मग सायकल सावलीत, वाऱ्यावर वाळवा. ओल्या सायकलवर कव्हर घालून ठेवू नका.

आत पाणी गेलंय हे कसं ओळखायचं

राइडनंतर स्टँशनवर तेलाची केसासारखी बारीक रेघ दिसणं ठीक आहे. उलट, कोरडा ठाक स्टँशन ही वाईट खूण. थेंब ओघळत असतील तर सील किंवा तळाचा वॉशर गेला आहे. फोर्क सुरुवातीच्या प्रवासात, म्हणजे दबायला लागताना, अडखळतो, बारीक खडीवर हात झिणझिणतात, दाबताना करकर किंवा चुळुकचुळुक आवाज येतो, यातलं काहीही झालं तरी लोअर्स उघडायची वेळ झाली.

पक्का पुरावा मिळतो तो काढलेल्या तेलातून. दुधाळ किंवा कॉफीच्या रंगाचं तेल म्हणजे पाणी मिसळलं आहे. शंका असेल तर ते तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. पाणी जड असल्याने तळाशी वेगळं दिसेल. राखाडी, चकाकणारं तेल म्हणजे धातू झिजतो आहे, आणि मग बुशिंग व स्टँशन नीट तपासायला हवेत.

लोअर्स उघडून तेल बदलणं

फोर्क बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्स लोअर्सची सर्व्हिस दर ५० तासांच्या राइडनंतर सांगते. फॉक्स पूर्ण सर्व्हिससाठी १२५ तास किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते सांगते. हे आकडे सर्वसाधारण वापराचे आहेत. सतत चिखल आणि पाऊस असेल तर लोअर्स २० ते २५ तासांनी उघडणं शहाणपणाचं, कारण थोडंसं तेल आणि दोन वॉशर हे नव्या स्टँशनच्या मानाने काहीच नाहीत.

लागणारं सामान: अ‍ॅलन कींचा संच आणि १० मिमी सॉकेट, प्लास्टिकची किंवा रबरी हातोडी, शॉक पंप, टॉर्क रेंच, १० किंवा २० मिलीची सिरिंज, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, तेलासाठी तसराळं, तुमच्या मॉडेलसाठी सांगितलेलं तेल, सस्पेन्शनसाठीचं मऊ ग्रीस, नवे क्रश वॉशर (आवळल्यावर दबून गळती रोखणारे) आणि स्पंजच्या रिंग. सील बदलायची असेल तर ती स्टँशनच्या व्यासानुसार घ्या: ३२, ३४, ३५, ३६ किंवा ३८ मिमी.

१. हवेचा दाब, रिबाउंड (परत वर येण्याचा वेग) आणि कॉम्प्रेशनचे (दबण्याचा वेग) क्लिक लिहून ठेवा. पुढचं चाक आणि ब्रेक कॅलिपर काढा. कॅलिपर तेलापासून दूर बांधून ठेवा.

२. वरच्या व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू, पूर्ण सोडा. एकदम सोडली तर खालच्या निगेटिव्ह कक्षातली (मुख्य हवेच्या उलट दिशेने ढकलणाऱ्या कक्षातली) हवा अडकून फोर्क आत ओढला जातो. दाबात असलेला फोर्क उघडायचा नाही, यात तडजोड नाही.

३. तळाचा रिबाउंड नॉब काढा. काही नुसते ओढून निघतात, काहींना बारीक स्क्रू असतो.

४. तळाचे दोन्ही बोल्ट किंवा नट तीन-चार आटे सैल करा, पूर्ण काढू नका. खाली तसराळं ठेवून बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ ठोका, म्हणजे आतला शाफ्ट लोअर्समधून सुटेल. आता बोल्ट काढा आणि लोअर्स खाली ओढून काढा. अडले तर हाताने हिसडे द्या. कमानीवर हातोडी मारू नका, ओतकाम तडकतं.

५. तेल ओघळू द्या, त्याचा रंग पाहा. वायपरखालच्या स्पंजच्या रिंग बोथट हुकने बाहेर काढा. मळलेल्या असतील तर नव्या घाला. धुतलेल्या रिंगमध्ये बारीक रेती उरतेच.

६. लांब काडीला कापड गुंडाळून, अल्कोहोलमध्ये भिजवून लोअर्सचे दोन्ही पाय आतून पुसा, कापड पांढरं निघेपर्यंत. बुशिंगवर टोकदार काही लावू नका.

७. वायपरची कड बोटाने तपासा. ती फाटलेली, कडक झालेली किंवा दुमडलेली असेल तर सील बदला. जुनी सील बोथट, रुंद तोंडाच्या पान्याने उचलताना लोअर्सच्या कडेवर कापडाची घडी ठेवा. नवी सरळ दाबून बसवा. तिरकी गेली की पहिल्याच राइडला गळते.

८. नव्या रिंग तेलात पूर्ण भिजवून बसवा. सीलच्या दोन कडांच्या मधल्या खाचेत सस्पेन्शन ग्रीसचा पातळ थर द्या. जाड लिथियम ग्रीस वापरलं तर फोर्क थंडीत अडखळतो, आणि एअर स्प्रिंगच्या बाजूला ते हवेच्या सूक्ष्म खाचेत अडकून निगेटिव्ह कक्ष नीट भरू देत नाही.

९. दोन्ही स्टँशन एकाच वेळी सीलमध्ये घाला, हळूहळू डुलवत, कड आत दुमडत नाही ना ते पाहत. लोअर्स पूर्ण वर ढकलू नका. शाफ्टची टोकं तळाच्या भोकात येण्याआधी थांबा.

१०. फोर्क आडवा, थोडा तिरका धरा, म्हणजे तळाची भोकं वरच्या बाजूला येतील. सिरिंजने प्रत्येक पायात ठरलेलं तेल सोडा. बऱ्याच मॉडेलना एका पायात ५ ते १५ मिली पुरतं, काहींना एका बाजूला त्याहून जास्त लागतं, आणि दोन्ही पायांचं प्रमाण सारखं असेलच असं नाही. तुमच्या मॉडेलच्या आणि त्याच वर्षाच्या पुस्तिकेतला आकडाच घ्या. "जरा जास्त" टाकणं फायद्याचं नाही: तेलाने लोअर्समधली हवेची जागा कमी होते, शेवटच्या प्रवासात फोर्क कडक होतो आणि सीलवर दाब येतो.

११. लोअर्स पूर्ण ढकला, नवे क्रश वॉशर घाला आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. रॉकशॉक्सच्या बहुतेक फोर्कसाठी ७.३ न्यूटन-मीटर, फॉक्ससाठी साधारण ५.६५. जुने वॉशर परत वापरले तर ते आधीच दबलेले असल्याने तेल तळातून गळतं आणि त्याच वाटेने पाणी आत येतं.

१२. रिबाउंड नॉब लावा. ठरलेल्या दाबाच्या निम्मी हवा भरा, फोर्क आठ-दहा वेळा हळू दाबा म्हणजे निगेटिव्ह कक्ष समतोलात येईल, मग पूर्ण हवा भरा. सगळं अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतरच कॅलिपर व चाक बसवा.

जोडणीनंतर फोर्क पूर्ण वर येत नसेल तर बहुधा कुठल्यातरी कक्षात हवा अडकली आहे. एअर स्प्रिंग पुन्हा रिकामी करून अकरा-बाराची पायरी शांतपणे परत करा.

लोअर्समध्ये अडकलेली हवा

उंचीवर चढलं किंवा तापमान वाढलं की लोअर्समधली हवा फुगते आणि फोर्क शेवटच्या प्रवासात कडक वाटतो. फॉक्स ३६ आणि ३८ ला २०२१ च्या मॉडेलपासून यासाठी मागे बटणं आहेत, रॉकशॉक्सने २०२३ पासून काही वरच्या श्रेणीच्या फोर्कना ती दिली. ही बटणं दाबण्याआधी भोवतालचा चिखल पुसा. बटण नसलेल्या फोर्कमध्ये लोक वायपर आणि स्टँशनच्या मध्ये झिप टाय सरकवून हवा काढतात. हे चालतं, पण टोक गोल करून, तेल लावून आणि सील स्वच्छ असतानाच. चिखलाच्या दिवशी ही युक्ती म्हणजे रेतीला आत जायचं निमंत्रण.

ओरखडा पडला तर

स्टँशनवरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर दुर्लक्ष करा. अडकत असेल आणि कड उचललेली असेल तर ती कड सील कापते. तेल लावून २००० ग्रिटचा पॉलिश पेपर फक्त त्या बिंदूवर, दोन-चार हलक्या हातांनी फिरवा. आजूबाजूचं अ‍ॅनोडायझिंग (नळीवरचा कडक थर) घासू नका, एकदा गेलं की परत येत नाही. खोल खड्डा असेल तर तो स्वच्छ करून पारदर्शक इपॉक्सीने भरून सपाट करतात. प्रवासाच्या मधल्या भागात लांब उभी रेघ असेल आणि खालचा धातू दिसत असेल तर स्टँशनचा भाग बदलण्याखेरीज उपाय नाही.

साधे कॉइल फोर्क

हवेऐवजी धातूची स्प्रिंग असलेल्या बऱ्याच साध्या कॉइल फोर्कमध्ये तेल नसतं, नुसतं ग्रीस असतं, आणि स्टँशन क्रोम केलेल्या स्टीलचे असतात. त्यांची सील सैल असते, म्हणून मडगार्डची गरज यांना जास्त. क्रोमवर तांबूस ठिपके दिसू लागले की ते लगेच पुसून तेलाचा पातळ थर द्या, कारण खडबडीत ठिपका सील फाडतो. उघडताना आतली स्प्रिंगही बाहेर काढून पुसा आणि ग्रीस लावा. आत साचलेल्या पाण्याने ती आधी गंजते आणि मग प्रत्येक दाबाला खरखरते.

समुद्राचं पाणी किंवा रस्त्यावरचं मीठ लागलं असेल तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. त्याच दिवशी भरपूर गोड्या पाण्याने, हळू धारेने धुवा, तळाचे बोल्ट आणि अ‍ॅक्सल काढून त्यांच्या जागा पुसा आणि आट्यांना ग्रीस लावून परत बसवा. मॅग्नेशियम आणि स्टील जिथे एकमेकांना टेकतात तिथे खारट ओलावा फार वेगाने काम करतो.